गैरहजर माशाचा जिवंत नमुना

कावेरीवर आमचा बंधारा बांधला गेला तेव्हा माशांना आगाऊ सूचना देण्यात आली नव्हती, हा आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. परंतु ज्यांचा कायमचा पत्ता नोंदलेला नाही त्यांना सूचना पाठवण्याची तरतूद नियमांत नाही. मासे एका जागी राहत नाहीत. काही तर समुद्रातून येतात आणि समुद्रात परत जातात, म्हणजे दोन्हीकडचे रहिवासी म्हणवतात आणि कर कुठेच भरत नाहीत. अशांची व्यवस्था लावण्यासाठी मत्स्यमार्ग कक्ष स्थापन झाला. त्या कक्षात गणना-लिपिक म्हणून गेली सहा वर्षं मी काम पाहतो आहे.

माझं नाव रघुनाथ, राहणार कुंभकोणम. आमचे पूर्वज तंजावरच्या मराठी दरबारात लेखणी चालवायला आले ते इकडेच राहिले. घरात आम्ही अजून मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात आणि पणजीची आठवण झाली असं म्हणतात, म्हणून हे टिपण मी तुमच्या वळणाच्या मराठीत लिहितो आहे. मराठीत लिहिण्याचं दुसरंही एक कारण आहे. आमच्या कचेरीत ती कोणालाच वाचता येत नाही.

माझी नेमणूक पूर्णपणे गुणवत्तेवर झाली. मुलाखतीला आम्ही दोघे होतो. दुसरा उमेदवार नदीकाठच्या मच्छीमार वस्तीतला, मत्स्यशास्त्राची पदवी घेतलेला. त्याला प्रत्येक मासा नावानिशी ठाऊक होता. उपअभियंता गुरुमूर्ति सार यांनी आम्हा दोघांना एकच प्रश्न विचारला, "मासे खाता का?" तो हो म्हणाला. मी सांगितलं की आमच्या घरात सात पिढ्यांत मासा शिरलेला नाही, आणि वास आला तरी माझी थोरली बहीण पुन्हा आंघोळ करते. गुरुमूर्ति सारांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे माशांच्या बाबतीत तुम्ही निःपक्षपाती आहात," ते म्हणाले. दुसऱ्याचे हितसंबंध पाण्यात गुंतलेले आहेत असा शेरा पडला आणि तो घरी गेला.

बंधाऱ्याला लागून उजव्या काठाला माशांसाठी एक जिना बांधलेला आहे. कागदोपत्री त्याला मत्स्यसोपान म्हणतात. चौतीस पायऱ्या, प्रत्येक पायरीत गुडघाभर पाण्याचा हौद. आराखडा कुठल्याशा थंड देशातून आला. तिथला मासा म्हणे घरी जाण्यासाठी धबधब्यावरून उड्या मारतो. आमच्या नदीतला मासा उडी मारतो का, असा रकाना आराखड्यात नव्हता, त्यामुळे तो भरला गेला नाही. उद्घाटनाच्या दिवशी पहिला मासा आमच्या मुरली शिपायाने बादलीतून वर नेला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे 'फक्त माशांसाठी' अशी पाटी लावली. तरी शेळ्या चढतात. शेळ्यांसाठी मी वेगळा रकाना आखला आहे.

आता गणनेची पद्धत. लहानपणापासून एकादशीला देवळाच्या तळ्यावर बसून माशांना चुरमुरे टाकायचे, एवढाच माझा माशांशी परिचय. तीच पद्धत मी शासकीय केली. दर सोमवारी अकरा वाजता सोपानाच्या तळाशी दोन मुठी चुरमुरे टाकायचे आणि वर येतील ती तोंडं मोजायची. तोंडं भरपूर येतात. सगळी एकाच जातीची, राखी रंगाची, धीट. ही जात आमचं खातंच दरवर्षी टाक्यांत वाढवून नदीत सोडतं. मूळची परदेशातली आहे, इकडे तिला जिलेबी म्हणतात. दुसऱ्या वर्षी नदीतल्या माशांची संख्या चौपट झाल्याचं मी अहवालात दाखवलं आणि कक्षाला प्रशस्तिपत्र मिळालं. देशी किती, परके किती, असा भेद मी केला नाही. जो सहा वर्षं कावेरीचं पाणी पितो त्याला परका म्हणणं आमच्या घराण्याला शोभलं नसतं.

अशा रीतीने सर्व सुरळीत चाललेलं असताना पुरट्टासी महिन्याच्या अखेरीस, म्हणजे तुमच्या आश्विनाच्या सुमारास, विशालाक्षी नावाची बाई अर्ज घेऊन आली. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला मच्छीमारांची वस्ती आहे, तिथली. पन्नाशीची, उभी राहिली की पदर कमरेला खोचलेला. बांबूचे सापळे लावून मासे धरणं हा तिचा आणि तिच्या आईचा धंदा. बोलली ती तमिळमध्ये, मी ते मराठीत उतरवतो.

"सार, पुढच्या ऐप्पसी महिन्यात बंधाऱ्याच्या तळाचं एक दार वीतभर उघडा. आठ दिवस. जास्त मागत नाही."

"कोणासाठी?"

"विलांगुसाठी."

मला वाटलं, विलांगु हा तिचा कोणी नातेवाईक. कारण ज्या आवाजात ती बोलली तो घरच्या माणसाबद्दल बोलण्याचा होता. तिने हाताने लांबी दाखवली तेव्हा तो मासा आहे हे कळलं. सापासारखा लांब, बुळबुळीत, आमच्या नदीचा जुना मासा.

"पिल्लू समुद्रातून वर येतं," ती म्हणाली. "आमच्याकडे दहाबारा वर्षं वाढतं. मग ऐप्पसीच्या पावसात अंडी घालायला समुद्रात उतरतं. उतरणाऱ्यांतले चार-दोन आम्ही धरायचो, बाकीचे जायचे. ते जायचे म्हणून पिल्लं यायची. सहा वर्षांत वर एक पिल्लू आलेलं नाही, सार. आता आहेत ते सगळे म्हातारे. ऐप्पसी लागली की दाराशी येतात आणि लोखंडाला तोंड लावून थांबतात."

"अम्मा, त्यांच्यासाठी सोपान केलेला आहे."

"त्याला उडी मारावी लागते. विलांगु सरपटतो. आणि त्यांना चढायचं नाही, उतरायचं आहे."

मी नियम पाहिला. सोपान चढण्यासाठीच मंजूर होता. उतरण्यासाठी वेगळा प्रस्ताव लागतो. तसं मी तिला सांगितलं, आणि अर्जावर तारखेचा शिक्का मारून तो गुरुमूर्ति सारांपुढे ठेवला.

गुरुमूर्ति सार सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी आजवर कोणाचाही अर्ज फेटाळलेला नाही. ते अर्ज नीट वाचतात आणि त्यात काय कमी आहे ते सांगतात. या अर्जात दोन गोष्टी कमी निघाल्या.

"पहिली गोष्ट," ते म्हणाले, "हा मासा आपल्या यादीत नाही. तो नाहीसा होतो आहे असं बाई म्हणतात. तर आधी तो आहे हे सिद्ध झालं पाहिजे. जिवंत नमुना हजर करायला सांगा."

"हजर केला तर?"

"तर तो नाहीसा झालेला नाही, हे उघड आहे."

"आणि नाही केला तर?"

"नसलेल्या माशासाठी दार कसं उघडणार, रघुनाथ?"

मी विचार करून पाहिला, त्यात कुठे फट सापडेना.

दुसरी गोष्ट अशी, की अर्जदार मच्छीमार असल्यामुळे हितसंबंधी ठरते. म्हणून मच्छीमार नाही आणि कक्षाचा माणूस नाही अशा एका तरी त्रयस्थ नागरिकाने मागणीवर सही केली पाहिजे. एकच सही पुरे. सूचना फलकावर लावायची. आणि नियमाच्या खाली बारीक अक्षरांत असंही आहे की, जो त्रयस्थ सूचना शेवटपर्यंत वाचेल आणि सही करणार नाही, त्याची दार बंद ठेवण्यास संमती गृहीत धरावी.

विशालाक्षी सही गोळा करायला निघाली. एक सही म्हणजे काय अवघड, असं तिला वाटलं असावं. पहिल्यांदा ती एकोजीकडे गेली. एकोजी आमच्यापैकीच. त्याच्या पणजोबांचे पणजोबा दरबारात मानकरी होते, त्याचं स्वतःचं बंधाऱ्याच्या साठ्याकाठी लॉज आहे. गच्चीवरून पाणी दिसतं, आणि जेवणाच्या यादीत वरच 'कावेरीचा पारंपरिक मासा' असतो. तो जिलेबीच असतो. एकोजीने तिला कॉफी पाजली, अर्ज वाचला, डोळे पुसले आणि परत दिला. दुसऱ्या दिवशी बाजारात मला गाठून म्हणाला, "रघुनाथा, सही कराला मज काय कष्ट? पण दार उघडलें तर पाणी चार बोटें उतरतें. उतरलें कीं कांठास चिखल दिसतो. चिखल पाहाला कोण येतें, सांग. त्या बाईस म्हण, माझें मन तिच्याकडेच आहे."

मन कोणाकडे आहे याचा रकाना नाही, असं मी त्याला म्हणालो. त्याला बरं वाटलं.

मग ती गोविंदपुरमला गेली. तिथे विठ्ठलाच्या देवळात गोपालकृष्ण भागवतरांचं दशावतारांवर निरूपण चाललं होतं, आणि त्या दिवशी नेमका पहिला अवतार होता. मीही श्रोत्यांत होतो. प्रलयाच्या पाण्यात भगवंताने माशाचं रूप घेऊन सृष्टी वाचवली ते सांगताना भागवतर स्वतःच रडू लागले. निम्मी सभा रडली, मीही रडलो. निरूपण संपल्यावर विशालाक्षी खांबाशी उभी राहून अर्ज पुढे करू लागली. भागवतर दोन पावलं मागे सरले. मत्स्याची गोष्ट वेगळी आणि मासळीची वेगळी, असं त्यांनी तिला प्रेमाने समजावलं, आणि प्रसाद वरून हातावर टाकला.

नदी वाचवा मंडळाची दिव्यश्री मात्र लगेच तयार झाली. तिने दाराशी जाऊन विलांगुचा फोटो काढायचा प्रयत्न केला, तो नीट आला नाही, म्हणून दुसऱ्या देशातल्या एका सुंदर माशाचा फोटो टाकून खाली हळहळ लिहिली. तीन हजारांवर लोकांनी त्याला बदाम दिले. कागदावर सही करायला तिने नकार दिला, कारण कागदासाठी झाडं तोडतात.

ऐप्पसी लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी विशालाक्षी एक पितळी अंडा, म्हणजे तुमचा हंडा, डोक्यावर घेऊन आली. त्यावर ओलं पोतं टाकलेलं होतं. तिने तो माझ्या टेबलावर ठेवला आणि पोतं बाजूला केलं. मी पाय खुर्चीवर घेतले. आत माझ्या दंडाएवढा जाड, हातभर लांब एक प्राणी वेटोळं करून होता. डोळे मोठे, पोट रुपेरी.

"पोट रुपेरी झालं की समजायचं, निघाला," विशालाक्षी म्हणाली. "नमुना बघा, सार, नोंद करा, आणि आजच्या आज बंधाऱ्याच्या खाली सोडून द्या. फार दिवस थांबत नाही तो."

गुरुमूर्ति सारांनी दुरून पाहिलं. नोंद करायला त्यांची हरकत नव्हती, पण हा मासाच आहे कशावरून, असा त्यांना रास्त प्रश्न पडला. सरपटणारे प्राणी कक्षाकडे विचारणा गेली. उत्तर येईपर्यंत पुरावा सोडून देणं योग्य नव्हतं. म्हणून कचेरीमागच्या सिमेंटच्या टाकीत नमुना ताब्यात घेण्यात आला, झाकणाला कुलूप लावलं, आणि अंडाही प्रकरणाचा भाग म्हणून जप्त झाला. विशालाक्षीला पोच दिली.

नमुन्याच्या आहाराची जबाबदारी माझ्याकडे होती. मी चुरमुरे टाकले. त्याने तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी पोहे टाकले. 'नमुना सहकार्य करत नाही' असा शेरा लिहिला. विशालाक्षी रोज फाटकाशी येऊन चौकशी करायची. तिने सांगितलं की निघालेला विलांगु खात नाही. समुद्रात पोचेपर्यंत तो काही खात नाही, पोचून अंडी घालतो आणि संपतो. एवढ्यासाठीच तो दहा वर्षं खाऊन घेतो. मी ते ऐकून घेतलं, पण चुरमुरे चालू ठेवले, कारण आहार दिल्याची रोज नोंद लागते.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. टाकीला चार भिंती होत्या. तो कधीही पाहिला तरी पूर्वेच्या भिंतीला तोंड लावून असायचा. समुद्र पूर्वेला आहे. हे मी कशात नोंदवायचं ते मला कळलं नाही, म्हणून नोंदवलं नाही. पण झाकण उघडायला मी दिवसातून दोनदा जायचो तो चारदा जाऊ लागलो.

घरी जेवताना एकदा माझ्या तोंडून हे निघून गेलं. माझी थोरली बहीण गंगाबाई, तिला मी अक्का म्हणतो, वाढता वाढता थांबली. दुसऱ्या दिवशी ती कचेरीत आली. माशाच्या वासाने पुन्हा आंघोळ करणारी बाई टाकीवर वाकून पाहत राहिली.

"हा कोठें जाणार होता?"

"समुद्रास."

"मग सोड कीं."

"पुरावा आहे तो, अक्का."

"त्या बाईस काय होणा?"

"एक सही."

"तूं कर."

"मी कक्षाचा नोकर."

"कचेरी पांचास बंद होते कीं. सव्वापांचास कर."

सव्वापाच वाजता मी कोण असतो याबद्दल सेवानियमांत स्पष्टता नाही. तसं मी तिला सांगितलं. तेव्हा अक्काने माझ्याच टेबलावरून पेन घेतलं, अर्ज मागितला आणि मराठीत सही केली. त्या अर्जावर आजवर पडलेली ती एकमेव सही. ती तपासण्याचं काम माझं होतं. सही करणारी व्यक्ती कक्षातील कर्मचाऱ्याची रक्ताची नातेवाईक असल्याने त्रयस्थ मानता येत नाही, असा शेरा मी तिच्या समोरच लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, ते त्या दिवशीही बिघडलं नाही.

"तुज लाज वाटना कां रे, रघु?" एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून अक्का माझं पान वाढते आणि बोलत नाही.

नवव्या दिवशी उत्तर आलं. सरपटणारे प्राणी कक्षाने कळवलं होतं की प्राणी सरपटतो हे खरं, पण कल्ले असल्यामुळे त्याची जबाबदारी आमच्यावर नाही. म्हणजे तो मासा ठरला. गुरुमूर्ति सारांनी त्याच दिवशी विलांगुचं नाव यादीत घातलं. मला आनंद झाला. मी विचारलं, आता सोडू का. सारांनी फाईल पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"दार कोणासाठी उघडायचं होतं?"

"विलांगुसाठी."

"विलांगु किती सिद्ध झाले?"

"एक."

"तो कुठे आहे?"

"आपल्या टाकीत."

"म्हणजे नदीत नाही. मग दार उघडण्याचं कारण उरलं नाही." त्यांनी मान हलवली, त्यांनाही वाईट वाटलं असावं. "नमुना मात्र सही होईपर्यंत सांभाळा. पुढेमागे लागेल."

सही झाली नाही. ऐप्पसीच्या सव्विसाव्या दिवशी मी झाकण उघडलं तेव्हा नमुना उताणा होता. रुपेरी पोट वर आलेलं. सभोवती तेवीस दिवसांचे चुरमुरे फुगून तरंगत होते. मुरलीने तो बाहेर काढला. मी पहिल्यांदाच एका माशाला हात लावला, आणि घरी जाऊन आंघोळ केली नाही.

आता तो काचेच्या मोठ्या बरणीत, औषधी द्रावात, कचेरीच्या दर्शनी भागात आहे. खाली पाटी आहे: 'विलांगु. देशी. कावेरी नदी.' यंदाच्या अहवालात देशी माशांसाठी नवा रकाना झाला. संख्या एक, घट शून्य. बरणी फुटली नाही तर पुढच्या वर्षीही घट होणार नाही. प्रशस्तिपत्राची शिफारस गेली आहे.

विशालाक्षी आली होती. तिने बरणी पाहिली. रडली नाही, भांडली नाही.

"माझा अंडा द्या, सार," ती म्हणाली. मी पोच परत घेऊन अंडा दिला. तो काखोटीला मारून ती दारात वळली. "दाराशी अजून सात आहेत. मी मोजलेत. ऐप्पसी गेली तरी हललेले नाहीत. पुढच्या ऐप्पसीपर्यंत टिकतील का, सांगता येत नाही. नमुना आता तुमच्याकडे आहे. सही तेवढी राहिली."

तिचं म्हणणं नियमाला धरून होतं. मी फाईल उघडून पाहिली. मासा यादीत आला आहे, आणि दाराशी सात आहेत म्हणजे दार उघडण्याचं कारणही पुन्हा आहे; एक सही पडली तर गुरुमूर्ति सारांना दार उघडावंच लागेल, दुसरी त्रुटी शिल्लक नाही. कुंभकोणम संपलं होतं. मग मला आठवलं की त्रयस्थ कुठला असावा हे नियमात लिहिलेलं नाही. तो मच्छीमार नसावा, कक्षाचा नोकर नसावा, माझा नातेवाईक नसावा, बस्स. साठ्याकाठी त्याचं लॉज नसलं तर उत्तमच. अशी माणसं मला कुठे मिळतील याचा विचार केला आणि म्हणून हे टिपण मराठीत लिहिलं. ही सूचनाच समजावी. सहीचा रकाना फाईलीत आहे, पत्ता वर आलेला आहे.

टिपण संपत आलं. आपण इथवर वाचलंत, मध्ये एक-दोनदा हसलातही असाल, त्याबद्दल कक्ष आभारी आहे. मी आत्ताच फाईल पाहिली. रकाना कोरा आहे. बारीक अक्षरांतल्या नियमाप्रमाणे शेरा तयार ठेवला आहे, फक्त तारीख घालायची बाकी आहे: 'त्रयस्थांना कळवलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. दार बंद ठेवण्यास त्यांची संमती आहे.'